माळ्यावरची लख्ख जागा

महिना झाला तरी बाळाचा खोकला हटत नव्हता, आणि घरमालक वर तोंड करून सांगत होता, "जुनं घर म्हटलं की बुरशी यायचीच, ताई!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी नाकातोंडाला फडकं बांधून, बादली आणि ब्रश घेऊन ती शिडीने माळ्यावर चढली.

सगळ्या फळ्यांवर काळी लव माजली होती. मधोमध मात्र हातभर जागा लख्ख होती.

"एवढंच घासून हात झटकलेस होय रे?" ती खाली ओरडली.

"मी वर पाय ठेवला असेल तर शपथ!" पाळण्याजवळून नवरा म्हणाला.

ती वाकली. त्या लख्ख जागेला डोकं होतं. गुडघे पोटाशी होते, मूठ गालाखाली. खाली तिचं बाळ अगदी तस्संच झोपायचं. तिने हात लावला. लाकूड कोमट होतं.

"अगं, पालथा पडला! पहिल्यांदाच! ये लवकर!"

तिच्या बोटांखालचा आकारही पालथा झाला होता. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पुढची बुरशी विरत गेली, मागची पुन्हा धरत गेली. बाळाला अजून रांगता येत नव्हतं. आकार मात्र रांगत शिडीकडे निघाला.

"खबरदार माझ्या लेकराकडे गेलास तर!" ब्रश उगारून ती शिडीच्या तोंडाशी आडवी बसली.

तिच्या पायांपाशी येऊन आकार नाहीसा झाला. आणि रोज पाजताना असतं तेवढंच वजन अलगद तिच्या मांडीवर येऊन टेकलं.