सपाट जमीन

आर्लो ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला, तेव्हा त्याच्या बायकोने, मार्लिसने, नकळत मागच्या चाकाला हात लावला. धरून ठेवायचं असल्यासारखा. ट्रॅक्टर दुकानाच्या आवारात बंद उभा होता, खाली काँक्रीट होतं, तरी तिने तो हात काढला नाही.

"चालूसुद्धा नाहीये गं," आर्लो वरून म्हणाला.

"माहितीये. उतर."

दुकानदार गेराल्ड आर्लोचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने दोघांकडे पाहिलं आणि तो पेरणीयंत्राकडे वळला. हे ट्रॅक्टरमागे जोडायचं, नांगरटीची गरज नाही, गवतातच चीर पाडून बी टाकतं आणि वरून माती दाबतं, असं त्याने समजावून सांगितलं. आर्लो लहान मुलासारखा त्याच्या चाकांवरून हात फिरवत राहिला.

चीज कारखान्यातून तो नुकताच निवृत्त झाला होता. घरामागच्या डोंगरमाथ्यावर झाडांमध्ये एक मोकळा तुकडा होता. तिथे हरणं यावीत म्हणून क्लोव्हरचा चारा आणि सलगम पेरायचं, आणि नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला की मुलगी केंड्राला घेऊन मचाणावर बसायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा बेत. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगरपट्ट्यात निम्म्या घरांचे बेत असेच असतात.

पण माथ्यावर जाणारी वाट उतारावरून तिरकी चढते. त्याच उतारावर आर्लोच्या वडिलांचा ट्रॅक्टर उलटला होता. मार्लिस तेव्हा घरात नवी सून होती. सासऱ्यांसाठी कॉफीचा थर्मास घेऊन ती चढण चढत होती, आणि वरून येणारा इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला. आपण हाक मारली होती की नाही, ते तिला आठवत नाही. चाक अजून हळूहळू फिरत होतं, तेवढं आठवतं.

तेव्हापासून शेजारच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला की ती हातातलं काम टाकून कान देई. आवाजाची तिला तेवढी भीती नव्हती. तो थांबण्याची होती.

गेराल्डने नव्या ट्रॅक्टरची लोखंडी कमान दाखवली. उलटला तरी माणूस चिरडत नाही, पट्टा मात्र बांधायला हवा, म्हणाला. आर्लो पट्टा कधीच बांधणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"दुसरं काय आहे?" मार्लिसने विचारलं.

गेराल्डने त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे मागून चालत धरायचा, माती उकरणारा एक पॉवर टिलर होता, आणि गळ्यात अडकवून दांडा फिरवला की बी उडवणारी कापडी पिशवी. सोबत माती दाबायला हाताने ओढायचा रूळ.

"हा उलटला तर फार तर बूट खराब होतील," गेराल्ड म्हणाला.

आर्लोला हसू आलं नाही. हे लटांबर माथ्यावर कोण ओढत नेणार, असं तो म्हणाला. मार्लिसचं उत्तर तयार होतं. माथ्यावर न्यायचंच नाही. खाली पडीक कुरण आहे, घरापासून रस्त्यापर्यंत तळहातासारखं सपाट. पेर तिथे.

आर्लोने बरीच हुज्जत घातली. रस्त्याकडेला हरणं उजेडात फिरकत नाहीत, सगळी अंधार पडल्यावर येतात. मग शिकार कसली करायची? त्याने तिथूनच केंड्राला फोन लावला. ती तरी आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं होतं. केंड्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आई म्हणते तेच घ्या. ती किती वर्षं घाबरत जगलीये, तुम्हाला कळत नाही का?"

त्याने पॉवर टिलर घेतला.

पेरणीच्या दिवशी मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. टिलरची घरघर ऐकताना आज तिला नवल वाटत होतं, की आपल्याला निवांत वाटतंय. मग घरघर थांबली. खिडकीतून आर्लो कुठे दिसेना.

ती घरातल्या सपातांवरच धावत सुटली. कुरणाच्या कडेला तो उताणा पडला होता, हात पसरलेले, टोपी तोंडावर. ती गुडघ्यांवर कोसळली आणि तिने त्याची टोपी ओढली.

"अगं, दम खातोय," आर्लो डोळे मिचकावत म्हणाला.

तिने त्याला दोन चापट्या मारल्या आणि रडू लागली. त्याने तिला बराच वेळ जवळ धरून ठेवलं. माथ्याचं नाव पुन्हा काढणार नाही, असं त्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं.

क्लोव्हर असं माजलं की रस्त्याने जाणारे गाड्या हळू करून बघत. हिवाळा जवळ आला तसे हरणांचे कळप यायला लागले. रस्त्यापलीकडच्या झाडीतून निघत, दिवस मावळल्यावर, आर्लो म्हणाला होता तसेच. शिकार नाही तर नाही, बघायला तरी मिळतात, म्हणत तो खुर्ची घेऊन पडवीत बसायचा. मार्लिसची भीती हळूहळू विरली. एकदा शेजारचा ट्रॅक्टर मध्येच बंद पडला, तर तिने भाजी चिरणं थांबवलंसुद्धा नाही.

हंगाम उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी केंड्रा शहरातून निघाली होती. सकाळी बापलेक कुरणाच्या टोकाला तरी बसणार होते. चुलीवर मटणाचा रस्सा शिजत होता. आर्लो टेबलाशी बंदूक पुसत होता. तो डोळ्यांसमोर आहे, धडधाकट आहे, म्हणून मार्लिस समाधानाने गुणगुणत होती.

बाहेर गाडी थांबली. तिने हात पुसत दार उघडलं. दारात गावचा पोलीस लॉनी उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"केंड्राची गाडी," तो म्हणाला. "इथेच, तुमच्या कुरणापाशी. क्लोव्हरकडे निघालेला कळप एकदम रस्त्यावर आला. तिला ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नाही."