दोन गाठी

"पट्टा आखूड धर गे, माणसं येताहेत," मुरली म्हणाला, आणि रुचिरा मणी कुत्र्याला घेऊन वाटेच्या कडेला उभी राहिली.

वरून उतरणारे चौघे निघून गेले. त्यांतला कोण रुचिराकडे वळून पाहतो, यावर मुरलीची नजर होती. कोणीच पाहिले नाही. तरी त्याचा जीव थाऱ्यावर आला नाही.

चेंगलपट्टूच्या अलीकडच्या या टेकडीवर दर रविवारी सकाळी चेन्नईची हौशी मंडळी चढायची. कुत्रा आणायला हरकत नव्हती, पण पट्टा सोडायचा नाही, समोरून माणूस आला की आपण बाजूला व्हायचे, आणि कुत्र्याची घाण मालकाने पिशवीत भरून खाली आणायची. हे नियम मुरलीनेच केलेले. बँकेतला अधिकारी, अड्यारला स्वतःचा फ्लॅट, तंजावरचे जुने मराठी घराणे. नियम म्हणजे नियम. पिशवीला दोन गाठी मारायच्या, एक सुटली तर दुसरी असते, हेही रुचिराला त्यानेच शिकवले होते.

बायको सांगलीची, शिकलेली, आणि दिसायला नको तितकी चांगली. लग्नानंतर चार महिन्यांत त्याने तिला सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडायला लावली. का, तर तिथला कोणी एकजण तिला गाडीतून दारापर्यंत सोडायला आला होता. पुन्हा तसले खूळ डोक्यात शिरू नये म्हणून तिची प्रमाणपत्रे, पासपोर्ट आणि आईने दिलेल्या पाटल्या कपाटातल्या लॉकरमध्ये गेल्या. किल्ली मुरलीच्या जानव्याला. तिथून ती सुटायची फक्त शनिवारी, तो अंगाला तेल चोपडून तास-दीड तास न्हायला बसायचा तेव्हा.

या रविवारी त्याच्या पोटात दुखत होते ते मंदारमुळे. वेलचेरीत राहणारा, या रविवारच्या मंडळींतलाच हा पुण्याचा पोरगा रुचिराला ताई म्हणायचा. ताई म्हणे! मुरलीला असल्या ताया चांगल्या ठाऊक होत्या. मंदार काही बोलला की रुचिरा खळखळून हसायची. मुरलीच्या तमिळ वळणाच्या मराठीला ती लग्न झाल्यापासून एकदाही तशी हसली नव्हती, आणि हे आठवले की त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

तो घरचा फोन दिवसातून सहा वेळा वाजवायचा, तिचे मेसेज वाचायचा, पर्स पलंगावर उलटी करायचा. कधीच काही सापडत नसे. न सापडण्याचाच त्याला जास्त राग यायचा.

अर्ध्या वाटेवर मणी हुंगत गोल गोल फिरू लागला. मणीच्या सामानाची झोळी खांद्याला लावून रुचिरा त्याला झुडपामागे घेऊन गेली. मुरलीने रुमाल नाकाला लावून पाठ फिरवली. घाणीचे त्याला पहिल्यापासून वावडे. तेवढ्या वेळात तो मंदारवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून राहिला. मंदार बुटातला खडा काढत होता.

रुचिरा काळी पिशवी घेऊन आली. उतरताना मंदार म्हणाला, "द्या ताई, मी टाकतो खाली."

रुचिराचा चेहरा पांढराफटक पडला. मुरलीने तो बरोब्बर टिपला. म्हणजे आहेच यांचे काहीतरी! त्याने पुढे होऊन तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली.

"आमच्या कुत्र्याचं आम्ही बघू," तो म्हणाला. "मालकाचं काम मालकानंच करायचं."

पिशवी हाताला जड आणि टणक लागली. मणीला पुन्हा बद्धकोष्ठ झालेले दिसते, असे मनात म्हणत मुरलीने ती अंगापासून लांब धरून पायथ्यापर्यंत नेली, तीही मंदारकडे वळून वळून बघत. पायथ्याला विमलाक्का चहा विकायची आणि मंडळींच्या पिशव्या खड्ड्यात पुरायची. तिने पिशवी नुसत्या हाताने घेतली आणि पदराखाली धरली. मुरलीला शिसारी आली. पण साहेबांसारखा जबाबदार माणूस पाहिला नाही, असे ती तमिळमध्ये म्हणाली, तेव्हा मंदारला ऐकू जावे म्हणून तो मोठ्याने हसला.

परतताना गाडीत त्याने बजावले, त्या पोराशी पुन्हा बोलायचे नाही.

"नाही बोलणार," रुचिरा म्हणाली. इतक्या सहज ती कधी कबूल होत नसे. मुरलीला बरे वाटले.

सोमवारी तिने अकराचा फोन उचलला नाही. साडेअकराचाही नाही. मुरली बँकेतून तडक निघाला आणि ऑटोत बसल्याबसल्या त्याने मंदारला फोन लावला. मंदार ऑफिसातच होता, मागे माणसांचे बोलणे ऐकू येत होते. काय झाले सर, असे तो विचारत असतानाच मुरलीने फोन ठेवला.

घरात ना रुचिरा, ना मणी. पट्टाही खुंटीवर नव्हता. साड्या मात्र जागच्या जागी होत्या, आणि त्या पाहून मुरलीचा जीव भांड्यात पडला. कुत्र्याला फिरवायला नेले असेल. हातात एक कागद नाही, अंगावर सोन्याचा तुकडा नाही, अशी बाई जाऊन जाऊन जाणार कुठे?

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याने सदऱ्यात हात घालून जानव्याची किल्ली काढली आणि लॉकर उघडला.

आत मधोमध एकच काळी पिशवी होती, नीट दोन गाठी मारलेली, आणि या पिशवीला वास येत होता.