मीठ उडत नाही
प्रवाळ आणि दोन मासे, एवढाच संसार असलेली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मी हौसेनं उभी केली. फिल्टर बंद पडला तर दुसरा तयार, वीज गेली तर पंपाला बॅटरी. माझीच जीभ बंद पडेल, हे तेवढं ध्यानात आलं नाही. अर्धांगवायूनं मला खाटेवर टाकलं आणि टाकी बायकोच्या गळ्यात पडली. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. ही बिचारी पेलाभर पाण्यात मीठ कालवून ओतते. प्रवाळ आक्रसलं, मासे धापा टाकू लागले. आज मी जिवाच्या आकांतानं डावा हात उचलून तिचा पेला उलथवला. तिनं आधी फरशी पुसली, मग माझे डोळे. "कळलं हो, माशांना मीठ कमी पडतंय ना?" नव्या पेल्यात तिनं दुप्पट घातलं.