चौथा दिवा

रेडिओलहरी एकवटणाऱ्या भिंगाच्या अँटेनाची चाचणी म्हणजे दोघांचं काम. एकाने हातात छोटा ट्रान्समीटर धरून खोलीत आडवं चालायचं, दुसऱ्याने भिंगामागच्या सात दिव्यांकडे बघायचं. चालणारा ज्या दिशेला असेल, तिकडचा दिवा लागतो. मग बघणाऱ्याने "पुढे" म्हणायचं. तोवर पाऊल उचलायचं नाही.

चालायचं काम तिच्या नवऱ्याचं, दिव्यांकडे बघायचं तिचं. चौथ्या दिव्याला तो बरोब्बर तिच्यासमोर यायचा, आणि तिथे ती हटकून गप्प बसायची.

"अगं, पाय दुखले माझे. म्हण आता!"

"म्हणते. घाई काय आहे?"

तो जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंग उद्या दुसरीकडे हलवणार होते, म्हणून आज दुपारी ती एकटीच वायरी सोडवायला आली होती. ट्रान्समीटर टेबलावर पडला होता, सेल काढलेला.

पहिला दिवा लागला.

"पुढे," ती सवयीने बोलून गेली.

दुसरा लागला. तिने मान वर करून पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं.

"पुढे," ती कुजबुजली. तिसरा लागला. "पुढे." चौथा.

तिने तोंडावर हात दाबून धरला. चौथ्यानंतर फक्त तीन दिवे, आणि मग दार.

दिवा तसाच जळत राहिला. मग त्याच्याखालचा, सिग्नलचा जोर दाखवणारा मीटरचा काटा हळूहळू चढायला लागला. चालणारा जवळ येत असला, तरच तो चढतो.

तिने तोंडावरचा हात काढला, आणि शेजारच्या स्टुलावरच्या वायरी उचलून खाली ठेवल्या.