चुकलेलं उत्तर

श्वेता ठाण्याच्या एका लहान कंपनीत मुलांसाठी पाढ्यांची सीडी तयार करत होती. उत्तर चुकलं की आवाज वाजायला हवा होता, म्हणून तिने तात्पुरता आईचाच आवाज भरला होता: "नाय रे बाला, परत बघ."

सीडी पुरी होण्याआधी आई गेली.

ती कामावर परतल्यावर साहेब म्हणाले, "तो गावठी आवाज काढ, स्टुडिओतला टाक." श्वेताने आईची फाइल पुसली, त्याच नावाने नवी ठेवली आणि सगळे भाग जोडून सीडी बनवणारं बिल्ड चालू केलं. तिला काहीच वाटलं नाही. पण ते बिल्ड फक्त कोड नव्याने बांधायचं. आवाज आणि चित्रं बदलली आहेत का, हे न बघता ती मागच्या वेळचीच उचलायचं. सगळ्या शाळांत आईच गेली.

साहेब चिडले. सीड्या बदलून आणायचं ठरलं. शेणव्याच्या शाळेत श्वेता स्वतः गेली, कारण तिचे बाबा तिथेच शिपाई होते.

शाळा सुटली होती. बाबा एकटेच कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर सात आठे किती, असं विचारलं होतं. त्यांनी चोपन्न दाबलं. मग परत चोपन्न.

"बाबा, छप्पन. मला पाढे तुमीच शिकवलेत ना?"

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.



"ठाव हाय गो. पण बरोबर उत्तराला ती बोलत नाय."