मिहिरचा रूट

लातूरच्या मिहिरनं एका रविवारी औशाकडच्या द्राक्षबागांतून सायकल मारली आणि मोबाईलमध्ये आपोआप उमटलेला रूट सायकल ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हिंमत असेल तर माझ्यापेक्षा कमी वेळात करून दाखवा!"

पुढच्या रविवारी ग्रुपचे म्होरके रेणुकादास सर सात जणांना घेऊन त्याच रूटवर निघाले. मोबाईलवरची निळी रेघ सडक सोडून तुळजाबाईंच्या बागेत शिरत होती, पत्र्याच्या शेडला तीन चकरा मारून परत सडकेला लागत होती.

"सर, ह्या चकरा कशाला?" शिल्पानं विचारलं.

"पुढं चढ आहे ना, पाय मोकळे करायला असतील. एक जरी हुकली तर ॲप रूट पूर्ण धरत नसतंय. मारा!"

आठही जण हेल्मेट सावरत, ढेकळांतून धापा टाकत शेडभोवती फिरू लागले. शेडच्या सावलीत एक कुत्रं पसरलं होतं. तिसऱ्या चकरेला तुळजाबाई द्राक्षं तोडायची कात्री हातात घेऊनच पुढं आल्या.

"गेल्या आइतवारी त्या सायकलवाल्याच्या मागं आमचं कुत्रं लागलं होतं. आज तर ते झोपलंय, मग तुमी कामून पळून राहिलात?"