थेल्माच्या टाकीतला रेनकोट

या, लेकरांनो, जवळ सरका. आमच्या बेटावर थेल्माच्या शेडमध्ये काय दिसलं ते सांगते.

कवच टाकायला आलेले खेकडे आम्ही खाडीच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतो. खेकडा पाठीमागून फट पाडून बाहेर सरकतो आणि मागे नांग्या-डोळ्यांसकट अख्खं कवच उरतं. तो तेव्हा इतका मऊ असतो, की लगेच उचलला नाही तर बाकीचे त्याला खाऊन टाकतात. म्हणून रविवारीही टाक्या बघाव्याच लागतात.

थेल्माचा नवरा ऑरिन वसंतात पिवळा रेनकोट चढवून खाडीवर गेला, तो परतलाच नाही. होडी तेवढी सापडली. पुढे एका रविवारी पास्टरांनी प्रवचन सुरात असं गायलं, की सारं चर्च रडलं. मग आमच्याबरोबर शेडकडे येताना ते थेल्माला म्हणाले, "पोरी, आता त्याची अंत्यप्रार्थना करून टाकू या."

"तुम्हाला भारीच घाई! तो जेवायला तरी कधी वेळेवर आलाय का?" थेल्मा म्हणाली. मला हसू आलं.

शेवटच्या टाकीत आम्ही काहीच सोडलं नव्हतं. तिच्या तळाशी ऑरिनचा रेनकोट बसला होता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या भरल्यासारख्या फुगलेल्या. फक्त पाठीवर आडवी फट होती.

पास्टरांनी रेनकोट काढायला हात पुढे केला. थेल्माने तो धरला.

"कुणी पाऊल टाकू नका," ती कुजबुजली. "अजून मऊ असेल तो."

आमच्या पाठीमागे, फळ्यांवर, काहीतरी ओलं सरकलं.

प्रार्थनेत ऑरिनची आठवण ठेवा, लेकरांनो. पण मेलेल्यांमध्ये त्याचं नाव घेऊ नका.